गुरांच्या डॉक्टरसमोर माइक येतो तेव्हा: पत्रकारांच्या अवघड प्रश्नांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिलाच. माझी तेव्हा पशुसंवर्धन खात्यात पंधरा वर्षं झाली होती. अडलेली गाय सोडवता येत होती, घटसर्पाची लक्षणं लांबून ओळखता येत होती, पण पत्रकाराशी कसं बोलावं हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. पुढे २०२१ साली परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू आला, २०२२ साली गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी रोग आला. दर वेळी आमच्यातले निष्णात डॉक्टर कॅमेऱ्यासमोर अडखळताना पाहिले. आता निवृत्त झालो आहे. तरुण पशुवैद्यकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. प्रश्न पत्रकार विचारत असला तरी आपलं उत्तर ऐकणारा माणूस दुसराच असतो. दोन गाई आणि एक कालवड असलेली एखादी बाई संध्याकाळी बातम्या बघते आणि त्यावरून उद्या सकाळी काय करायचं ते ठरवते. उत्तर तिला द्यायचं आहे.

मी सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी आहे. पत्रकारांशी बोलायची मला मुभा आहे का?

मर्यादित आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आपल्याला लागू आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. साथीच्या काळात किती जनावरं बाधित, किती दगावली, अहवाल काय आला, हे सांगायचं काम बहुधा जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांचं किंवा आयुक्तालयाचं असतं. पण गोठ्यात माश्या कशा कमी कराव्यात, आजारी जनावर वेगळं कसं बांधावं, १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कधी फोन करावा, हे सांगायला कुणाची हरकत नसते. उलट ते सांगणं आपलं कामच आहे.

माझा सल्ला असा की, कुठलीही साथ नसताना, शांत वेळ बघून वरिष्ठांना विचारून ठेवा: "साहेब, माझ्याकडे पत्रकार आला तर मी काय बोलू आणि काय तुमच्याकडे पाठवू?" साथ आल्यावर साहेबांचा फोन लागत नाही.

अचानक फोन येतो आणि "डॉक्टर, एक बाईट द्या", म्हणजे बातमीसाठी दोन वाक्यं बोला, म्हणतात. लगेच बोलावं का?

नाही. पण टाळूही नका. नाव, वृत्तपत्र किंवा वाहिनी, बातमी नेमकी कशावर आहे, आत्ता थेट प्रक्षेपण आहे की रेकॉर्डिंग, आणि बातमी किती वाजता जाणार आहे, एवढं विचारून घ्या. मग "अर्ध्या तासात मीच फोन करतो" असं सांगा, आणि अर्ध्या तासात खरोखर करा. शब्द देऊन गायब होणारा डॉक्टर पत्रकाराच्या कायमचा लक्षात राहतो.

तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा दुकान किंवा शेती सांभाळून बातम्या देणारा माणूस असतो. त्याच्याही घरी म्हैस असते. तो आपला शत्रू नाही. त्याला बातमी वेळेत पाठवायची असते. आपण बोललो नाही तर तो ज्याला गाठेल तो आपल्याहून कमी माहिती असलेला असेल, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की "मी काही बोलणार नाही" असं म्हणून फोन ठेवणाऱ्या सहकाऱ्यांना मी आवर्जून थांबवतो.

शेडमध्ये कोंबड्यांची मोठी मरतूक झाली आहे. नमुने भोपाळला गेलेत, अहवाल आलेला नाही. पत्रकार म्हणतो, "बर्ड फ्लूच आहे ना, डॉक्टर?" काय सांगू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा हाच प्रश्न, आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. म्हणून जरा सविस्तर.

एकगठ्ठा कोंबड्या मेल्या की कारणं अनेक असू शकतात. मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो, कोंबड्यांचा कॉलरा असू शकतो, उन्हाळ्यात वीज जाऊन पंखे बंद पडले तर तासाभरात शेकडो पक्षी जातात, खाद्यातून विषबाधाही होते. बर्ड फ्लूचं निदान नुसत्या शवविच्छेदनाने पक्कं होत नाही. त्यासाठी भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे आणि तिच्या अहवालावरच पुढची सगळी कारवाई ठरते. रोग पक्का झाला की बाधित ठिकाणापासून साधारण एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. म्हणजे आपल्या तोंडून निघालेला एक "हो" किती घरांवर जाऊन पडतो ते बघा.

आता "नाही, बर्ड फ्लू नाही" असंही म्हणू नका. धीर द्यावा म्हणून हे वाक्य सहज तोंडात येतं. एका गावात मी स्वतः ते बोललो आहे. चार दिवसांनी अहवाल उलटा आला, आणि त्यानंतर त्या गावात माझ्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवेना. लसीकरणाला गेलो तरी लोक दाराआडून बघायचे. ती चूक भरून यायला दीड वर्ष लागलं.

मग म्हणायचं काय? मी असं म्हणतो: "कोंबड्या मेल्या आहेत हे खरं आहे. कशाने मेल्या ते प्रयोगशाळा सांगेल, नमुने भोपाळला गेले आहेत. अहवाल येईपर्यंत आम्ही हा रोग बर्ड फ्लू असू शकतो असं धरूनच काळजी घेतो आहोत. या शेडमधला एकही पक्षी बाहेर जाणार नाही. आसपास कुणाकडे कोंबड्या मरत असतील तर त्या उकिरड्यावर टाकू नका, ओढ्यात सोडू नका, आम्हाला कळवा." यात जे ठाऊक आहे ते आलं, जे ठाऊक नाही ते आलं, आणि लोकांनी काय करायचं तेही आलं. पत्रकार तीनदा फिरवून विचारेल. तीनही वेळा हेच सांगा, फक्त आवाज चढू देऊ नका.

आणखी एक बाजू आहे. "बर्ड फ्लू" असा मथळा अहवालाआधी छापून आला की घाबरलेला माणूस रातोरात पक्षी विकून मोकळा होतो. टेम्पो भरतात आणि रोग असलाच तर तो चार बाजारांत पोचतो. शासनाची भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून लवकर कळवण्यातच त्याचा फायदा आहे, हे मुलाखतीत आवर्जून सांगा.

"चिकन खायचं की नाही, एका शब्दात सांगा."

"खा" किंवा "नका खाऊ" एवढ्यावर सोडू नका, पण उत्तर लांबवूही नका. "नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला हरकत नाही. ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू टिकत नाही आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो. कच्चं मांस हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि मेलेला किंवा आजारी पक्षी कापू नका." बस्स. शेवटचं वाक्य गाळू नका, कारण खरा धोका जेवणाऱ्याला कमी आणि आजारी पक्षी हाताळणाऱ्याला जास्त असतो.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. टाळेबंदी लागायच्या आधीच दर इतके कोसळले की काही ठिकाणी कोंबड्या फुकट वाटल्या गेल्या. कर्ज काढून शेड घातलेली तरुण मुलं त्यात कायमची बसली. तेव्हा आपल्यातल्या फार थोड्या लोकांनी पुढे येऊन स्पष्ट सांगितलं. मला त्याची आजही खंत वाटते.

बातमीत माणसांच्या आजाराचं विचारतात. किती सांगावं?

जनावराकडून माणसाला होतो की नाही, इथपर्यंत आपलं. माणसाला औषध काय, लस किती, हे आरोग्य विभागाचं. पिसाळलेल्या गाईचं दूध गावभर गेलं आणि सगळं गाव ग्रामीण रुग्णालयात रांगेत उभं राहिलं, अशी बातमी आपल्याकडे वरचेवर येते. अशा वेळी सांगावं की उकळलेल्या दुधातून रेबीज झाल्याचं दिसून आलेलं नाही. कच्चं दूध प्यायलेल्यांनी, आणि त्या गाईच्या तोंडात हात घातलेल्यांनी किंवा ज्यांच्या जखमेवर तिची लाळ लागली अशांनी, डॉक्टरांना भेटावं. कुत्रा चावला असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, चुना-हळद-तिखट भरायचं नाही, लगेच दवाखान्यात जायचं. पंधरा मिनिटं हा आकडा दर मुलाखतीत सांगा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, त्यामुळे संधी आहे ती लक्षणं दिसायच्या आधीच, उशीर करायचा नाही.

लम्पीच्या वेळी विचारायचे, "लस दिली तरी गाय मेली, म्हणजे लस बोगस आहे का?" याला उत्तर काय?

या प्रश्नाने २०२२ साली आपल्या लोकांना रडकुंडीला आणलं होतं. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले, शर्यती बंद झाल्या. लस टोचायला माणसं कमी होती. रोज सकाळी सहाला निघून रात्री गावांचं लसीकरण संपवणारे पशुधन पर्यवेक्षक मी पाहिलेत. आणि त्यांच्याच तोंडासमोर माइक धरून विचारलं जायचं, तुमच्या लसीने गाय मेली का.

जिची गाय मेली तिचं दुःख आधी बोला. "त्या ताईंची दुभती गाय गेली, घरचं दूध आणि डेअरीचा पगार दोन्ही गेलं. फार वाईट झालं." हे मनापासून म्हणा. दुःखाचा उच्चार न करता शास्त्र सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला ते सारवासारव वाटतं.

मग शास्त्र सोपं करून. लम्पीसाठी आपण तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस वापरली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला सुमारे तीन आठवडे लागतात. आणि रोगाचा शिरकाव झाल्यापासून गाठी दिसेपर्यंत चार आठवडेही जाऊ शकतात. म्हणून लस देताना धडधाकट दिसणारी गाय आतून आधीच बाधित असू शकते. "बी पेरलं त्या रात्री टोळधाड आली तर बियाण्याचा दोष कसा म्हणायचा," असं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला समजावलं होतं. तेव्हापासून मी तेच वापरतो.

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगा: लस शंभर टक्के संरक्षण देत नाही. हे कबूल केल्याने लसीवरचा विश्वास जात नाही. "शंभर टक्के सुरक्षित" म्हणालात आणि एक गाय मेली, की जातो. त्याच वर्षी १० ऑगस्टला हिसारच्या आणि इज्जतनगरच्या संशोधन संस्थांनी बनवलेली खास लम्पीची लस जाहीर झाली होती. तेव्हा रोज विचारायचे, "ती लस अजून का नाही दिली?" जाहीर झालेली लस आणि कारखान्यातून बाटलीत भरून दवाखान्याच्या फ्रिजमध्ये आलेली लस यांत किती अंतर असतं, ते लोकांना समजेल असं सांगायला हवं होतं. आपण ते नीट सांगितलं नाही.

भरपाईचा प्रश्न आला की गोलमोल बोलू नका. २०२२ मध्ये राज्याने मृत गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये दिले होते. आकडा, लागणारे कागद आणि ते कुठे द्यायचे, हे तिन्ही सांगा. दर बदलतात. मुलाखतीच्या दिवशीचा शासन निर्णय खिशात असू द्या.

लम्पी माणसाला होत नाही, दूध चालतं, हे किती वेळा सांगायचं?

जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा. आपल्याला कंटाळा आला म्हणून ऐकणाऱ्याला ठाऊक झालं असं होत नाही.

देशी उपायांचं विचारतात. खायच्या पानाचा, मिऱ्यांचा, गुळाचा गोळा दिला तर लम्पी बरा होतो का?

हसू नका, झिडकारू नका. नागवेलीची पानं, मिरे, मीठ आणि गूळ यांचा गोळा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही सुचवला होता. मी म्हणायचो, "गोळा द्या, जनावर खात असेल तर तोंडाला चव येईल. पण तेवढ्यावर थांबून डॉक्टरला बोलवायला उशीर करू नका. जखमांत अळ्या पडल्या, ताप उतरत नाही, जनावर खाली बसलं, तर लगेच कळवा." आजीच्या उपायाला नावं ठेवणारा डॉक्टर त्या घरात पुन्हा बोलावला जात नाही, आणि मग जनावराला कुठलाच उपचार मिळत नाही.

"ब्रॉयलरला हार्मोनचं इंजेक्शन देऊन फुगवतात ना?"

नाही, असं ठामपणे सांगता येतं. चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोंवर जाणारा पक्षी अनेक पिढ्यांच्या निवडीतून, समतोल खाद्यातून आणि शेडच्या व्यवस्थापनातून झालेला आहे. वाढीचं संप्रेरक खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं, आणि दहा हजार पक्ष्यांना रोज सुई टोचायला कुठल्याही शेतकऱ्याकडे माणसं नाहीत.

इथेच थांबलात तर मात्र अर्धंच सांगितलं. खरी काळजी प्रतिजैविकांची आहे. ती गरज नसताना वापरली जातात, औषध दिल्यावर पक्षी किंवा दूध किती दिवस विकायचं नाही हे पाळलं जात नाही. कोलिस्टिनसारखं औषध २०१९ साली केंद्राने खाद्यप्राण्यांसाठी बंद केलं, कारण माणसांच्या रुग्णालयातलं ते शेवटचं हत्यार आहे. खोटी भीती दूर करताना खरी गोष्ट लपवायची नाही. पत्रकाराला यातून खरी बातमी मिळते, आणि ती छापून आली तर मला आनंदच होईल.

"हो की नाही ते सांगा, शर्यतीत बैलाला त्रास होतो की नाही?"

हो-नाहीच्या सापळ्यात पाय घालायचा नाही, पण पळही काढायचा नाही. ज्यात अडकवायचं ठरलेलं आहे तो प्रश्न बाजूला ठेवून जो विचारायला हवा होता त्याचं उत्तर द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १८ मे २०२३ ला बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. म्हणजे शर्यत असावी की नसावी हे आपण टीव्हीवर ठरवत नाही. आपण काय बघतो ते सांगा: "शर्यतीआधी बैल तपासला जातो. लंगडत असेल, ताप असेल, अंगावर जखम असेल तर मी प्रमाणपत्र देत नाही. शेपूट पिरगाळणं, काठी मारणं, टोचणं, विजेचा झटका देणं, हे चालणार नाही. दिसलं तर कळवीन." आणि असं म्हणत असाल तर मैदानावर तसंच वागावं लागेल. पाटलांचा बैल म्हणून डोळेझाक केली आणि कॅमेऱ्यासमोर नियम सांगितले, तर गावाला ते माहीत असतं.

भटक्या कुत्र्यांवर वाहिनीच्या चर्चेला बोलावलं आहे. जाऊ का?

आधी विचारा, आणखी कोण आहे आणि तुम्हाला किती मिनिटं. एका बाजूला कुत्रा चावलेल्या मुलाची आई आणि दुसऱ्या बाजूला प्राणिप्रेमी असतील, तर मधे बसून दोघांना भांडताना बघायला जाऊ नका. शास्त्र सांगायला वाव मिळणार असेल तर जरूर जा.

जायच्या आधी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ वाचा. निर्बीजीकरण आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची, आणि पकडलेलं कुत्रं पुन्हा त्याच भागात सोडायचं, हा त्यातला गाभा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं आणि पंधरवड्याच्या आत तो आदेश बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची लस देऊन, नसबंदी करून परत सोडायची, असं म्हटलं. या विषयात आदेश येत राहतात. त्या सकाळचा ताजा आदेश वाचूनच स्टुडिओत बसा.

आणि त्या आईकडे बघून बोला. तिला नियमांची कलमं नको असतात. "तुमच्या मुलाला जे झालं ते व्हायला नको होतं," एवढं म्हणून मग सांगा की तिच्या वस्तीतली निदान सत्तर टक्के कुत्री लस घेतलेली असतील तर रेबीजची साखळी तुटते, आणि ते काम कुणी करायला हवं. वाद रंगवण्यासाठी "मारून टाकायची का?" असं विचारतील. "मारून संख्या कमी होत नाही, रिकाम्या जागेत नवी, लस न घेतलेली कुत्री येतात" हे शांतपणे सांगायचं.

माझ्या खाजगी दवाखान्यात पाळीव कुत्रा दगावला. मालकाने समाजमाध्यमावर लिहिलं, पत्रकार दारात आहेत. वकील म्हणतात गप्प बसा.

वकिलांचं ऐका, पण गप्प बसण्याचा अर्थ दार लावून घेणं नव्हे. दाराशी येऊन एवढं म्हणता येतं: "त्या कुटुंबाचं दुःख मी समजू शकतो. मालकाच्या परवानगीशिवाय रुग्णाची माहिती मी बाहेर देऊ शकत नाही. उपचाराची सगळी नोंद आहे आणि योग्य यंत्रणेपुढे मी ती ठेवीन." मालकाने उशीर केला होता, पैसे थकवले होते, हे खरं असलं तरी बोलू नका. शोक करणाऱ्या माणसावर बोट दाखवणारा डॉक्टर लोकांना आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

तक्रार करायची तर नागपूरला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद आहे, हेही आपणच सांगावं. ज्याला लपवायचं नाही तोच तक्रारीचा पत्ता देतो. केस पेपर नीट लिहिलेला नसेल तर मात्र यातलं काहीच उपयोगी पडणार नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्याला द्या.

"दवाखान्यात पदं रिकामी आहेत, म्हणूनच जनावरं मेली ना?"

सरकारी माणसाची इथे कुचंबणा होते. खोटं बोलायचं नाही, नियमही मोडायचा नाही. "या दवाखान्याला इतकी पदं मंजूर आहेत, इतकी भरलेली आहेत. जे आहोत ते या या गावांत काम करतो आहोत. भरतीबद्दल आयुक्तालय सांगेल." मंजूर आणि भरलेली पदं ही माहिती अधिकारातही मिळते. ती लपवून काही साधत नाही.

"ऑफ द रेकॉर्ड" सांगितलं तर चालतं का?

नाही. चहाच्या टपरीवर बोललेलंही छापलं जाईल असं धरून बोला. पत्रकार प्रामाणिक असला तरी त्याच्या वहीतून ते कार्यालयात जातं आणि तिथे दुसराच कुणी मथळा देतो.

कॅमेऱ्यासमोर कुठे आणि कसं उभं राहावं?

मेलेल्या जनावराशेजारी किंवा खड्ड्यासमोर उभं राहू नका. ते चित्र वर्षभर फिरत राहतं. संसर्गाचं ठिकाण असेल तर पत्रकारांना आत घेऊ नका, त्यांच्या बुटांवरून रोग पुढच्या शेडला जातो, आणि हे त्यांना कारणासकट सांगितलं की बहुतेक ऐकतात. संरक्षक पोशाख काढून, हात धुऊन, दवाखान्याच्या फाटकाशी बोला.

भाषा गोठ्यातली असू द्या. "मॉर्बिडिटी", "व्हेक्टर", "कलिंग" हे शब्द आपल्या बैठकीत. बाहेर "शंभरातल्या किती जनावरांना रोग झाला", "चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड", "पक्षी नष्ट करणं". टक्क्यांनी घोटाळा होतो. "दोन टक्के मृत्यू" म्हटलं तर कुणी "दोनशे गाई मेल्या" असं छापतं. म्हणून "शंभर आजारी गाईंपैकी दोन" असं म्हणा.

आपण बोललो एक आणि छापून आलं भलतंच. काय करावं?

आधी वाचा, की चूक खरोखर त्यांची आहे का. बऱ्याचदा आपणच दोन अर्थ निघतील असं बोललेलो असतो. लोकांचं किंवा जनावरांचं नुकसान होईल अशी चूक असेल, म्हणजे औषधाची मात्रा, रोगाचं नाव, गावाचं नाव, तर त्याच दिवशी बातमीदाराला फोन करा, बरोबर वाक्य लिहून पाठवा आणि खात्यात असाल तर वरिष्ठांना कळवा. आपलं नाव, पद किंवा फोटो चुकला असेल तर सोडून द्या. आणि चूक आपली असेल तर, "काल मी चुकीचं सांगितलं, बरोबर असं आहे" हे स्वतःहून सांगा. नवापूरच्या वर्षी ते मला जमलं असतं तर ते गाव मी गमावलं नसतं.

पक्षी किंवा जनावरं नष्ट करण्याच्या कामावर होतो. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं आणि माझा आवाज गेला. हे चुकलं का?

नाही. आपण जीव वाचवायला शिकलो आणि त्या दिवशी उलटं काम करावं लागलं. दिवसभर ते करून संध्याकाळी घरी जेवण जात नाही, हे मी भोगलं आहे. मालक शेडच्या दाराशी उभा असतो, त्याची बायको तोंडाला पदर लावून. त्या वेळी कोरडेपणाने बोलणाऱ्याला मी कधी मोठा मानलं नाही. "वाईट वाटतं. दुसरा मार्ग असता तर घेतला असता. पण हे केलं नाही तर पुढच्या गावातलेही जातील." एवढं म्हणा आणि पाणी प्या. थोडं थांबलं तर कॅमेरा थांबतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. हा विषाणू कोंबडीवर थांबत नाही, म्हणूनच हे कठोर काम करावं लागतं, हे सांगायला तोच क्षण योग्य असतो.

तुमच्या पथकातल्या पर्यवेक्षकांची आणि रोजंदारीवरच्या मुलांचीही त्या रात्री विचारपूस करा. त्यांना कुणी माइक देत नाही.

मुलाखत संपली. आता?

बातमी लागण्याआधी एक फोन करायचा राहिलेला असतो, तो ज्याच्या शेडबद्दल किंवा गोठ्याबद्दल आपण बोललो त्याला. "दादा, मी तुमच्या गावाचं नाव घेतलं, तुमचं नाव घेतलं नाही. मी असं असं सांगितलं आहे. उद्या कुणी काही विचारायला आलं तर माझा नंबर द्या." सातच्या बातम्यांत त्याला ते पहिल्यांदा कळू नये.